पट्टी पिवळी, रक्त अल्कधर्मी

मे महिन्यातली दुपार. रावेर पट्ट्यातले ५८ वर्षांचे एक केळी बागायतदार, आप्पा, मुलाच्या मोटरसायकलवरून आले. दोन्ही पंजे आवळलेले: मनगट वाकलेलं, अंगठा तळव्यात ओढलेला, बोटं सरळ पण एकमेकांना चिकटलेली. "डॉक्टरसाहेब, मले बोटं उघडता नई येऊन राहिले."

असे पंजे दिसले की पहिला संशय घाबरून जोरजोरात घेतलेल्या श्वासाचा येतो. ज्युनिअर डॉक्टरने तोच घेतला. पण आप्पांचा श्वास मोजला तर मिनिटाला ११, म्हणजे उलट मंदच. जीभ कोरडी, नाडी १०८, रक्तदाब १००/६०. दोन दिवस उलट्या चालू होत्या.

मुलाने पिशवीतून एक डबी काढली. आत पिवळ्या-हिरव्या रंगाच्या पट्ट्या, लघवीचा पीएच बघायच्या. पीएच सातच्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे त्याच्या विरुद्ध, अल्कधर्मी. कुणीतरी आप्पांना सांगितलं होतं की सगळे आजार अंगातल्या आम्लामुळे होतात, पट्टी हिरवी-निळी झाली की समजायचं शरीर अल्कधर्मी झालं. सकाळची पहिली लघवी पाच-सहा पीएचची असणं अगदी नेहमीचं. रात्रभर साठलेलं आम्ल मूत्रपिंड बाहेर टाकतं, ते त्याचं कामच आहे. आप्पांना मात्र पिवळी पट्टी बघून धडकी भरली. "माह्या अंगात आम्ल वाढेल हाये," म्हणत पापडासाठी आणलेला खाण्याचा सोडा चहाच्या चमच्याने दिवसातून दोनदा सुरू झाला. सोबत रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी होतीच. त्यात जेवणातलं मीठही बंद.

तीन आठवडे पट्टी निळी राहिली. मग उलट्या सुरू झाल्या आणि पट्टी पुन्हा पिवळी पडली. आप्पांनी तिसरा चमचा वाढवला.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. रक्त गोठू न देणारं हेपरिन लावलेली सिरिंज, आतला बुडबुडा लगेच बाहेर, तोंड बंद करून थेट मशीनवर. बुडबुडा राहिला तर हवेमुळे कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो आणि निदानच उलटं होतं. आकडे असे: पीएच ७.५२ (हवा ७.३५ ते ७.४५), बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यातला अल्कधर्मी भाग, ३९ (हवं २२ ते २६), कार्बन डायऑक्साइड ५०. घाबरून श्वास वाढला असता तर हा शेवटचा आकडा चाळिसाच्या खाली असता. कार्बन डायऑक्साइड रक्तात आम्लाचं काम करतो, आणि इथे फुप्फुसं मुद्दाम श्वास मंद करून तेच आम्ल राखून ठेवत होती. पोटॅशियम २.६, क्लोराइड ८४, दोन्ही कमी. आणि लघवीचा पीएच ५.५.

रक्त अल्कधर्मी, लघवी आम्ल. पट्टी कुठे फसवते ते इथे दिसतं. निरोगी मूत्रपिंड जास्तीचा सोडा सहज बाहेर फेकतं, म्हणून एरवी एक-दोन चमच्यांनी रक्ताचा पीएच हलत नाही. पण बायकार्बोनेट टाकायचं तर मूत्रपिंडाला बदल्यात क्लोराइड लागतं. ते गोळीने, उलट्यांनी आणि मीठबंदीने संपलं होतं. पाणी कमी, पोटॅशियम कमी. मग मूत्रपिंड सोडियम वाचवण्याच्या नादात आम्लच बाहेर टाकत राहतं. उलट्यांनंतरच्या ज्या पिवळ्या रंगाला आप्पा आम्ल वाढल्याची खूण समजत होते, ती नेमकी त्याच्या विरुद्ध आजाराची खूण होती.

मीठबंदीची गंमत वेगळीच. एका चमचा सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २ ग्रॅम. म्हणजे मीठ सोडून दोन चमच्यांतून अडीच ग्रॅम पोटात. क्लोराइड शून्य.

उपचार साधा, पण चुका करायला जागा भरपूर. रिंगर लॅक्टेटची बाटली हाताशी होती. ती नाही, कारण लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं. नॉर्मल सलाईन, म्हणजे क्लोराइड देणारं मिठाचं पाणी, लावलं. अर्धा लिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडचा एक अँप्युल, २० मिलीइक्विव्हॅलंट, नीट हलवून, तासाला १० च्या वर नाही, ईसीजी मॉनिटर चालू ठेवून. हा अँप्युल थेट शिरेत कधीच द्यायचा नाही, हृदय बंद पडतं. पंजे आवळले होते कारण अल्कधर्मी रक्तात कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, मोकळं कमी उरतं. पीएच खाली आला तशी संध्याकाळपर्यंत बोटं सुटली.

मुलाने विचारलं, घरची केळी खायला घालू का, पोटॅशियम भरपूर असतं ना? असतं, मधल्या आकाराच्या केळात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. पण ते क्लोराइडसोबत येत नाही. ज्या क्षारांसोबत येतं त्यांचं शरीरात बायकार्बोनेटच होतं. त्या दोन दिवसांत म्हणून क्लोराइडवालं पोटॅशियमच हवं होतं. केळीच्या बागेतल्या माणसाला हे पटवणं सलाईनपेक्षा अवघड गेलं.

तिसऱ्या दिवशी पीएच ७.४३, पोटॅशियम ३.८. रक्तदाबाची गोळी बदलली, पाचव्या दिवशी पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगितलं. जेवणात भाकरी, भाजी, बेताचं मीठ. उन्हात जायचं तर लघवी फिकट राहील इतकं पाणी. लघवीतलं आम्ल मुद्दाम कमी करतात ते मुख्यतः युरिक ॲसिडच्या मुतखड्यासाठी, तेही पीएच ६ ते ६.५ पर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीत. पीएच ७ च्या वर गेला की फॉस्फेटचे खडे धरू शकतात.

जाताना आप्पांनी विचारलं, "अन् लिंबू?" लिंबू चालेल म्हटलं, मीठ घालून. पट्ट्यांची डबी मुलाने आमच्याच टेबलावर ठेवली.