कात्री कुणाची? आवृत्त्यांच्या तुलनेची नोंदवही, टप्पा तिसरा

पावसाळा सरला, म्हणून व्हिडिओ गेमच्या कॅसेटचं काम पुन्हा हाती घेतलं आहे. पद्धत तीच. एकाच गेमच्या वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्या शेजारी ठेवायच्या, काय काढलं नि काय बदललं ते शोधायचं, आणि प्रत्येक बदलापुढे एक रकाना भरायचा : कात्री कुणाची? सरकारची, रेटिंग मंडळाची, प्रकाशकाची, दुकानाची की पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या पेमेंट कंपन्यांची? हा रकाना रिकामा ठेवून "गेम सेन्सॉर केला" म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आधी कॅसेटची सफाई, कारण बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत निम्म्या चुका तिथेच होतात. ६० पिनांच्या जुन्या कॅसेटच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, एखादी पिन टेकत नाही, आणि कॅसेटमधून संगणकावर उतरवलेल्या फाइलमध्ये तोच एक बिट सगळीकडे चुकलेला येतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाची कापूसकाडी, पिनांच्या लांबीच्या दिशेनं हात, मग दहा मिनिटं वाळवणं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागं चिकट थर ठेवतं. पॉलिश पेपर तर अजिबात नको, मुलामाच निघून जातो. सफाईनंतर कॅसेट काढून, पुन्हा बसवून दोनदा वाचायची. दोन्ही फाइलींचा एसएचए-१ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, म्हणजे चेकसम) जुळला तरच नोंद. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

कॉन्ट्राचं काम पूर्ण झालं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या आठ-बिटी मशीनवर जो कॉन्ट्रा चालायचा, त्यात दोन माणसं बंदूक घेऊन धावतात. युरोपात १९९० साली तोच गेम प्रोबोटेक्टर नावानं आला आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आले. जर्मनीत माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या गेमवर निर्बंध येण्याचा धोका होता, म्हणून प्रकाशकानं आधीच बदल करून ठेवला, आणि जर्मनीसाठी केलेला हा बदल बाकीच्या युरोपच्याही माथी बसला. रकान्यात "प्रकाशक, कायद्याच्या धास्तीनं" असं लिहिलं आहे.

तुलना करताना दोन खड्डे आहेत. पहिला हेडरचा. एनईएसच्या, म्हणजे निन्टेंडोच्या आठ-बिटी यंत्राच्या, फाइलीला सुरुवातीला १६ बाइटांचं हेडर (फाइलीची माहिती देणारा जोडलेला तुकडा) असतं आणि ते कुणी कसंही भरतं. ते वगळूनच चेकसम काढा, नाहीतर हुबेहूब सारख्या दोन फाइली वेगळ्या दिसतात. सुपर निन्टेंडो या पुढच्या यंत्राच्या जुन्या फाइलींना कधी कधी ५१२ बाइटांचं जादा हेडर असतं. फाइलीच्या आकाराला १०२४ नं भागून बाकी ५१२ आली की ते आहे असं समजावं.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. अमेरिकी कॉन्ट्रात चित्रांची वेगळी चिप नाही. चित्रं १२८ केबीच्या प्रोग्रॅममध्येच दाबून भरलेली आहेत आणि खेळताना ८ केबीच्या रॅममध्ये उलगडतात. टाइल (चित्राचा लहान चौकोनी तुकडा) दाखवणाऱ्या एडिटरमध्ये फाइल उघडली तर नुसता कचरा दिसतो, आणि दोन फाइली सरळ बाइटला बाइट लावून पाहिल्या तर फरकांचा डोंगर उभा राहतो, कारण दाबलेल्या मजकुरात एक चित्र बदललं की पुढचं सगळं सरकतं. शिवाय युरोपची आवृत्ती ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी आहे, त्यामुळे वेगाशी संबंधित बदलही त्यात मिसळतात. ते सेन्सॉरशिप नव्हेत. उपाय असा : मेसेन या एम्युलेटरमध्ये (संगणकावर जुनं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) दोन्ही आवृत्त्या एकाच टप्प्यावर आणून थांबवायच्या, टाइल व्ह्यूअर उघडून ८ केबीतल्या ५१२ टाइल्स चित्र म्हणून जतन करायच्या आणि ती चित्रं एकावर एक ठेवायची. खरा बदल चटकन डोळ्यात भरतो.

बायोनिक कमांडो हे या नोंदवहीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९८८ च्या जपानी आवृत्तीच्या नावातच हिटलरचं पुनरुज्जीवन आहे. अमेरिकी आवृत्तीत नाझींचे बॅड्स झाले, स्वस्तिकं गेली, हिटलरचा मास्टर-डी झाला; पण चेहरा तोच राहिला आणि शेवटी त्याचं डोकं फुटतं तो रक्ताळ प्रसंगही जसाच्या तसा राहिला. म्हणजे इथं कात्री हिंसेवर नव्हे, चिन्हांवर आणि नावांवर चालली. मुलांच्या रक्षणासाठी बदल केले असं कुणी म्हणालं, तर हा गेम समोर ठेवावा.

मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेमचं काम निम्मं झालंय. १९९३ च्या सुपर निन्टेंडो आवृत्तीत रक्ताऐवजी करडा घाम उडतो, आणि पाठीचा कणा उपटण्याऐवजी सब-झिरो हा लढवय्या समोरच्याला गोठवून फोडतो. सेगाच्या जेनेसिस यंत्रावर मात्र सुरुवातीच्या कोड ऑफ ऑनर पडद्यावर ए, बी, ए, सी, ए, बी, बी दाबलं की अक्षरं लाल होतात आणि रक्त परत येतं. दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर वेगळे, म्हणून इथं बाइट-तुलना करून हाती काही लागत नाही. फ्रेमला फ्रेम लावूनच पाहावं लागतं. त्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये ईएसआरबी हे रेटिंग मंडळ आलं. दुसरा मॉर्टल कॉम्बॅट त्याच सुपर निन्टेंडोवर रक्तासह आला. जपानी आवृत्तीत तेच रक्त हिरवं! म्हणून ठाम मत : वयाचं रेटिंग आणि काटछाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेटिंग पालकाला माहिती देतं, काटछाट ती लपवते.

फॉलआउट ३ ची नोंद दुरुस्त केली. हा गेम भारतात सरकारनं बंद केला, असं अजूनही सांगितलं जातं. तसं नाही. २००८ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन इथलं प्रकाशन रद्द केलं. गेममधल्या दोन तोंडांच्या गायींना ब्राह्मिन म्हणतात हा लोकांचा तर्क आहे, कंपनीनं तसं कधी स्पष्ट केलं नाही. त्याच गेमला ऑस्ट्रेलियानं मॉर्फिनच्या वापरावरून आधी वर्गीकरण नाकारलं, मग औषधाचं नाव मेड-एक्स झालं, आणि ते साऱ्या जगासाठी झालं. एका मंडळाचा आक्षेप, पण बदललेलं नाव इथं सीमाभागात बसलेला खेळाडूही वाचतो.

भारतीय बंदीचे रकाने नीट वेगळे करा. २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातलेल्या ११८ ॲप्समध्ये पबजी मोबाइल गेला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. कारण देशाची सुरक्षा, गेममधला मजकूर नव्हे. कर्नाटकचा ऑक्टोबर २०२१ चा कायदा पैसे लावण्याबद्दल होता, उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातल्या त्या तरतुदी रद्द केल्या. मधल्या काळात पैसे लावायचं ॲप निपाणीत बंद आणि वीसेक किलोमीटरवरच्या कागलात सुरू, कारण ॲप फोनचं ठिकाण बघून ठरवायचं. ही सेन्सॉरशिप नव्हे, तिला त्या खात्यात घालू नका. खरं उदाहरण बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती. २०२१ मध्ये रक्त हिरवं झालं आणि "किल"चं "फिनिश" झालं. अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची मर्यादाही आली, तिच्याविषयी तक्रार नाही, कारण ती उघड सांगितलेली आहे. हिरव्या रंगानं मात्र कुठलं पोर वाचतं, ते कळत नाही. गोळी तीच, पडणारा माणूसही तोच.

सगळ्यात चिंता वाटते ती पाचव्या हाताची. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावानंतर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून अनेक प्रौढ गेम निघाले आणि इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानानं तसे गेम शोधातून गायब केले. मंडळ निदान लेखी कारण देतं, त्यावर दाद मागता येते. ऑस्ट्रेलियात लेफ्ट फोर डेड २ चं तसंच झालं. २००९ मध्ये कापलेली आवृत्ती आली, २०१३ पासून १८ वर्षांवरचा गट सुरू झाला, आणि २०१४ मध्ये मूळ गेमला परवानगी मिळाली. कार्ड कंपनीकडे खेळाडूनं कुठल्या खिडकीत अर्ज द्यायचा?

पुढच्या टप्प्यात लेफ्ट फोर डेड २. त्यातला सौम्य मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून काम सोपं जावं. मॉर्टल कॉम्बॅटमधल्या, हरलेल्याला ठार करणाऱ्या शेवटच्या प्रहारांची उरलेली तुलनाही तेव्हाच. कुणाकडे प्रोबोटेक्टरची मूळ युरोपी कॅसेट असेल तर पिना पुसून दोनदा वाचा आणि हेडर वगळून काढलेला एसएचए-१ तेवढा कळवा. फाइल पाठवू नका, आकडा पुरे.