समुद्र किती वाजता येणार?

आज सकाळी आईने वॉशिंग मशीनचा फिल्टर उघडला तर आतून मूठभर वाळू निघाली, काळपट, बारीक, मध्येच चमकणारी, आणि ती फेकून द्यायच्या आत आमची थोरली धावत आली, आजी थांब टाकू नको, ती नागावची आहे. आता ती वाळू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठाण्याच्या गॅलरीत तुळशीशेजारी ठेवलीय. सिडनीच्या घरी तिच्याकडे अशा चार बरण्या आहेत, प्रत्येकीवर किनाऱ्याचं नाव. ही मात्र इथेच आजीकडे राहणार असं ठरलंय.

सिडनीला जाऊन आम्हाला आता नऊ वर्षं झाली. दर वेळी ठाण्याला आले की मैत्रिणी विचारतात, दोन लहान पोरं घेऊन तिकडे सुट्टीत करता काय, आणि माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे, समुद्रावर जातो. लांबच्या ट्रिपा नाहीत, थीम पार्क नाही, डिसेंबर-जानेवारीत तिकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की टेन्ट, टोप्या, डबे गाडीत टाकायचे आणि निघायचं. मला समुद्र मनापासून आवडतो. पण हे असं आधीपासून नव्हतं, म्हणून आज नीट लिहायला बसलेय.

माझं लहानपण ठाण्याचं, म्हणजे खाडीचं. डोंबिवलीला मावशीकडे जाताना कळव्याच्या पुलावर लोकल आली की मी खिडकीला नाक लावायचे, कधी खाली काठोकाठ पाणी असायचं, कधी नुसता चिखल आणि तिवरं. समुद्र बघायचा तर वर्षातून एकदा, केळवे नाहीतर अलिबाग, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि मागून सतत आवाज, पुढे जाऊ नको, पुढे जाऊ नको. कुणालाच पोहता येत नव्हतं ना, मग दुसरं काय म्हणणार. समुद्र म्हणजे भेळ, घोडागाडी आणि भीती, एवढंच डोक्यात घेऊन मी तिकडे गेले.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. थोरली तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. आम्ही एका मोठ्या बीचवर गेलो, तिथे लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले आणि त्यांच्या मधे ही गर्दी, लाटा फुटतायत, लोक ओरडतायत. आम्हाला वाटलं लहान बाळाला घेऊन तिथे कशाला जायचं, म्हणून जरा लांब, जिथे लाटाच फुटत नव्हत्या, पाणी शांत आणि गडद दिसत होतं तिथे चटई टाकली आणि नवरा तिला कडेवर घेऊन पाण्याकडे निघाला. पाच मिनिटांत एक लाइफगार्ड बग्गीतून आला, आमच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला तो तुकडा बघा. समुद्री शेवाळाची एक वेणी पाण्यावर तरंगत होती. आम्ही बघतोय, बघतोय, आणि ती वेणी किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी सरळ आत, खोल समुद्राकडे चालली होती, माणूस भरभर चालेल त्या वेगाने. आजूबाजूला सगळीकडे लाटा बाहेर येतायत आणि ती एकटी आत जातेय. माझ्या पोटात गोळा आला.

त्याला रिप म्हणतात. लाटा जेवढं पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात ते परत जायला वाट शोधतं, आणि जिथे तळ खोल असतो तिथून ते सगळं एकवटून ओढ्यासारखं आत धावतं. खोल जागी लाट फुटत नाही म्हणून वरून ती जागा सगळ्यात शांत दिसते, आणि पोरंबाळं असलेली माणसं नेमकी तीच निवडतात, आम्ही निवडली तशी. रिप माणसाला खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून लांब नेते, आणि माणूस बुडतो तो तिच्याविरुद्ध पोहून दमल्यामुळे. सापडलात तर घाबरून हातपाय मारायचे नाहीत, पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा त्या दिवसापुरती बघून, तपासून ठरवलेली असते आणि लाइफगार्डांची नजर तिथेच असते. म्हणजे जिथे आवाज आणि गर्दी होती तीच जागा आमच्यासाठी होती.

त्या रात्री मी ठरवलं की पोहायला शिकायचं. वय चौतीस. आधी पालिकेच्या तलावात मोठ्यांच्या क्लासला गेले, चार महिने नुसतं श्वास सोडायला शिकले असं म्हटलं तरी चालेल, आणि मग एका ऑफिसमधल्या मैत्रिणीने मला कूजीला नेलं, मॅकआयव्हर्स लेडीज बाथ्सला. कड्याच्या पोटात खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव, फक्त बायका आणि मुलांसाठी, १९२२ पासून तिथला बायकांचा पोहण्याचा क्लब तो चालवतोय. सत्तरीच्या आज्या पायऱ्या उतरून सरळ पाण्यात शिरत होत्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा स्विमसूट घालून कठड्याला धरून उभी होते, भिंतीवरून एक लाट आत आली, तोंडात खारट पाणी गेलं, आणि मला रडूच आलं, आनंदाने. एवढी वर्षं हे असं काहीतरी होतं आणि मी नुसती गुडघाभर पाण्यात उभी होते.

लहान मुलांना घेऊन सिडनीत कुणी येणार असेल तर मी हे असले समुद्रतलावच आधी दाखवीन. ब्राँटी बीचवरचा तर १८८७ चा आहे. बाजूला खडक, पलीकडे खवळलेला समुद्र आणि आत मुलं निवांत डुंबतायत. धाकटा तिथेच पाण्याला सरावला, वर्षाचाही नव्हता.

थोरली पाच वर्षांची झाल्यावर तिला निपर्सला घातलं. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सर्फ लाइफ सेव्हिंग क्लबांचा हा उपक्रम असतो, उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी, गुलाबी झगझगीत टीशर्ट घालून शेकडो पोरं वाळूत. पालथं झोपायचं, शिट्टी झाली की उठून धावायचं आणि वाळूत रोवलेली कांडी पकडायची, हा त्यांचा आवडता खेळ. पण खेळता खेळता शिकतात काय तर रिप कुठे आहे ते ओळखायला, हात कसा वर करायचा ते, आणि न समजणाऱ्या पाण्यात न शिरणं. ती आता कुठल्याही किनाऱ्यावर पोचली की आधी कपडे काढत नाही, आधी पाच मिनिटं उभी राहून पाणी बघते. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

मोठी सुट्टी असली की आम्ही जर्विस बेला जातो, सिडनीपासून दक्षिणेला तीनेक तासांवर. खाडीसारखा आत वळलेला उपसागर, म्हणून लाटा लहान, आणि हायम्स बीचची वाळू इतकी पांढरी आणि बारीक की चालताना पायाखाली चुर्र चुर्र वाजते. सोबत दोन मराठी कुटुंबं, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. डबा उघडला की सीगल येतात, मागच्या वर्षी एकाने धाकट्याच्या हातातली पुरी उचलून नेली आणि तो दोन दिवस प्रत्येक पक्ष्याला विचारत होता तू घेतलीस का.

आमच्याकडे एक लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर ती टोपी त्याने फक्त पाण्याकडे बघायचं, फोन नाही, गप्पा नाहीत, पुरीसुद्धा नाही, आणि वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. हा नियम आम्ही केला कारण मुलं बुडताना ओरडत नाहीत. सिनेमात दाखवतात तसं हात हलवणं, हाका मारणं असं काही होत नाही, तोंड पाण्याच्या वरखाली होत असताना आवाज काढायला श्वासच उरत नाही. आठ मोठी माणसं किनाऱ्यावर बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. प्लीज, हे एवढं तरी करा, कुठल्याही समुद्रावर जा, एका वेळी एका माणसाच्या नावावर पाणी लिहून द्या.

उन्हाचं थोडक्यात सांगते. तिकडे सनस्क्रीन रंगासाठी लावत नाहीत, स्किन कॅन्सरसाठी लावतात, त्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असणाऱ्या देशांपैकी ऑस्ट्रेलिया एक आहे. १९८१ पासून स्लिप स्लॉप स्लॅप नावाची मोहीम आहे, अंगात शर्ट, अंगाला क्रीम, डोक्याला टोपी. शाळेतही टोपी नसेल तर मैदानात खेळायचं नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा कुठे तिने नातीला पोरी काळी पडशील म्हणणं बंद केलं. आणि आईने मला एक शिकवलं, अंगाला चिकटलेली वाळू पाण्याने धुवत बसायचं नाही, अंग कोरडं करून टाल्कम पावडर चोळायची, सगळी झडते. तिचा पावडरचा डबा आता आमच्या बीच बॅगेत असतो.

तर या वेळी इथे आल्यावर मुलांनी हट्ट धरला की आजी-आजोबांसोबत समुद्रावर जायचं. मी म्हटलं रविवारी जाऊ. बाबा काही बोलले नाहीत, उठले, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले रविवारी नको, चतुर्थीला जाऊ. मला वाटलं संकष्टी म्हणून म्हणतायत. तर ते म्हणाले तिथीची पाऊणपट कर. चार पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या आसपास भरती पूर्ण. सहा तास मागे ये, नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. मुलं नऊला पोचली की त्यांना मोठी पुळण मिळेल, पाणी हळूहळू वर चढत असेल, उतरत्या पाण्यात पोरं घालायची नसतात, बारापर्यंत खेळवून निघू.

मी बघतच राहिले. माझ्या बाबांना पोहता येत नाही, पण लहानपणी चेंदणी कोळीवाड्यातल्या मित्राच्या वडिलांबरोबर ते होडीतून खाडीत जायचे, आणि हा हिशोब तेव्हाचा. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा, आणि तेव्हा उधाण. मी शिकवणी लावून, फी भरून जे शिकले त्यातलं अर्धं शहाणपण माझ्याच घरात भिंतीवर टांगलेलं होतं आणि मी कधी विचारलंच नाही.

मुलं सिडनीच्या वेळेवर, त्यामुळे पहाटे चारलाच टक्क जागी होती. साडेपाचला घर सोडलं, आईने उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि आमच्यासाठी थालीपिठं घेतली. अलिबागजवळ नागावला पोचून सुरूच्या बनातून बाहेर आलो तर समुद्र दिसेचना, कुठच्या कुठे आत गेलेला. सिडनीला भरती-ओहोटीतला फरक फार तर दोनेक मीटर, आपल्याकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यामुळे एवढा उघडा पडलेला ओला तळ मुलांनी कधी पाहिलाच नव्हता. धाकट्याने काळजीने विचारलं, आजोबा, समुद्र किती वाजता येणार? बाबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, निघालाय तो.

मग दोन तास ते तिघं गुडघे टेकून एकाच जागी. वाळूत करंगळीएवढं भोक, त्यातून मटाराएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून थोडी मोठी गोळी करून मागे टाकतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता भोकाभोवती गोळ्यांची रांगोळी. थोरलीने एका खेकड्याच्या शंभरपर्यंत गोळ्या मोजल्या. मग पाण्याची पहिली पातळ जीभ आली आणि सगळी रांगोळी पुसली गेली, आणि पोरं ओरडत पाण्यात.

काळजी वाटावी असंही दिसलं. जीन्स घालून कमरेएवढ्या पाण्यात गेलेली माणसं, कडेवर लहान मुलं, सगळ्यांची पाठ समुद्राकडे कारण फोटो काढायचा होता. मी जाऊन एका ताईंना म्हटलं की समुद्राकडे तोंड करून उभ्या राहा, भिजलेली जीन्स जड होते, पाय उचलत नाही. त्यांनी ऐकलं, मुलाला घेऊन मागे आल्या. लाल टोपी त्या दिवशी बाबांच्या डोक्यावर होती, त्यांनी ती वीस मिनिटांनी द्यायला नकारच दिला.

परवा आमचं विमान आहे. थोरलीला सिडनीला जाऊन आजोबांचा हिशोब करून बघायचाय, पण बाबांनी तिला सांगितलं की तो तिथे जसाच्या तसा लागणार नाही, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. तिथल्या पौर्णिमेला भरती किती वाजता येते ते बघ आणि मला फोन कर, मग आपण दोघं तिकडचा हिशोब बसवू. म्हणून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरलंय, गुंडाळी करून रबर लावून तिच्या पाठीवरच्या बॅगेत, आणि आई म्हणतेय आता मला एकादशी कशी कळणार, बाबा नवीन आणायला नाक्यावर गेलेत.