यादी मागू नका, तपासून घ्या: माजी सैनिकांच्या सत्काराचा माझा अनुभव

यंदा १४ जानेवारीला आमच्या गावात माजी सैनिकांचा सत्कार झाला. त्याला तीन आठवडे उलटले, तरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा जिना आठवला की माझं डोकं तापतं. तुमच्या गावात कुणी असा कार्यक्रम घेणार असेल तर निदान त्यांचे हेलपाटे वाचावेत, म्हणून लिहिते आहे.

१४ जानेवारी हा देशात माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ मध्ये त्याच तारखेला निवृत्त झाले. आपल्याकडे ती संक्रांत, म्हणजे पुण्या-मुंबईची मुलंही गावात असतात. माझे वडील मराठा लाईट इन्फंट्रीत सतरा वर्षं होते. ते हयात असताना गावाने त्यांना एकदाही व्यासपीठावर बोलावलं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आमच्या गावातून फौजेत किती जण गेले, हे ग्रामपंचायतीच्या एकाही कागदावर नव्हतं.

मंडप, माइक, शाळेचं मैदान, शाली, नारळ ही कामं दोन दिवसांत झाली. अडलं ते गावातल्या माजी सैनिकांच्या यादीपाशी.

ती मागायला जिल्ह्याच्या कार्यालयात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले, हीच पहिली चूक. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन, त्यामुळे सगळं कार्यालय सैनिकांसाठीच्या निधीच्या कामात. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, असा साधा अर्ज चालत नाही. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आणा, सरपंचांची सही आणि जावक क्रमांक हवा." परत फिरले. एसटीने जायला दोन तास, यायला दोन तास, शाळेतली एक रजा गेली.

दुसऱ्या खेपेला लेटरहेड, सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं होतं. अर्जावर आवकचा शिक्का पडला आणि "साहेब दौऱ्यावर आहेत, फोन करून या" असं उत्तर मिळालं. फोन आठ दिवस कुणी उचलला नाही. तिसऱ्या खेपेला वेगळ्याच टेबलावरून कळलं, की माजी सैनिकांची वैयक्तिक माहिती बाहेर देता येत नाही. नियम असेल, मला मान्य आहे. पण मग पहिल्या दिवशीच का सांगितलं नाही? जावक क्रमांकासाठी मला कशाला पिटाळलं? त्या दिवशी जिन्यात उभी राहून मी रडले. रागानेच.

घरी आल्यावर शाळेतली कोरी वही घेतली आणि आळीआळीने फिरले. महिन्याला लष्करी कॅन्टीनचं सामान आणायला जीप करून जाणारी चार-पाच माणसं प्रत्येक गावात असतात, सुरुवात त्यांच्यापासून करा. एकाने दहा नावं सांगितली, त्या दहांनी वीस. नोव्हेंबरात पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याला सगळे बँकेत येतात, पुढच्या वर्षी मी वही घेऊन तिथेच बसणार आहे. पाच दिवसांत ३७ माजी सैनिक आणि ५ वीरपत्नी अशी यादी झाली.

ती घेऊन ११ जानेवारीला चौथ्यांदा गेले. या वेळी यादी मागितलीच नाही. म्हटलं, "ही आमची यादी आहे, नावं आणि हुद्दे बरोबर आहेत का, एवढं बघून द्या." तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. त्यांनी रजिस्टर काढलं, पेन्सिलने खुणा केल्या, अर्ध्या तासात काम संपलं. वर म्हणाले, "ताई, महिन्यातून एकदा मी तुमच्या तालुक्याला येतो, तिथेच भेटला असतात." हे वाक्य मला महिनाभर आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या खुणांमध्ये दोन हुद्दे चुकलेले निघाले, आणि सन्मानचिन्हं तर आदल्या दिवशीच कोरून आली होती. एका आजोबांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तिकेत, हवालदार होतं, तेच मी उतरवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना ऑनररी (मानद) नायब सुभेदार हुद्दा मिळाला, त्याचं पत्र वेगळं असतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कोरणाऱ्याने रात्री बसून दोन्ही पाट्या बदलून दिल्या. त्यामुळे हे लक्षात ठेवा: हुद्दा कागदावरून उतरवू नका. त्यांच्या समोर वाचून दाखवा आणि वहीत त्यांची सही घ्या.

कार्यक्रमात एक गोष्ट मी हट्टाने केली. पहिला मान वीरपत्नींना. संक्रांतीच्या दिवशी या बायकांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ग्रामसभेत ठराव केला, तेव्हापासून हे मनात होतं. पाचही जणींना वाण दिलं, तिळगूळ दिला. एका काकूंनी कुंकवाला हात जोडून नको म्हटलं, आम्ही आग्रह केला नाही. वाण मात्र त्यांनी पदरात घेतलं.

आणखी एक राहिलं. व्यासपीठाला पायऱ्या केल्या होत्या, पण ऐंशी ओलांडलेल्यांना त्या चढायला लावू नका. पाहुण्यांनाच खाली उतरवून त्यांच्या खुर्चीपाशी न्या. आम्ही पहिल्या तिघांनंतर शहाणे झालो. खुर्च्या हाताच्या हव्यात.

नायब सुभेदार आजोबांनी सन्मानचिन्ह घेतलं, खिशातून चष्मा काढला आणि पाटी सावकाश वाचली. मग मला म्हणाले, "बाई, बरोबर लिहिलंत."

संध्याकाळी दोघे जण घरी आले. मुंबईत राहतात, संक्रांतीला गावी आले होते, त्यांची नावं कुणालाच आठवली नव्हती. त्यांना तिळगूळ दिला आणि वही पुढे केली. आता माजी सैनिकांची ३९ नावं आहेत. एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली आहे, तिला जावक क्रमांकही घातला आहे.