आजोबांची तिथी

आमच्या घरी आजोबांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येलाच व्हायचं, कारण ते कोणत्या दिवशी गेले हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आजी सांगायची, ज्वारी हुरड्यावर आली होती तेव्हा तार आली. एवढंच. दुसऱ्या महायुद्धात आजोबा पलटणीबरोबर बोटीवर चढले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आजीच्या पोटात होते. आज ते ८२ वर्षांचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "इटलीत कुठंतरी त्यांची समाधी असेल ना गं? तेवढं बघ."

सुरुवात चुकीच्या दारातून झाली. एका कार्यालयात तीन खेपा घातल्यावर ‘इंग्रजांच्या काळातलं आमच्याकडे काही नाही’ असं उत्तर मिळालं. अण्णा उन्हात बाहेर बसले होते. त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

मग एका रविवारी त्यांना खडकीच्या युद्ध दफनभूमीत घेऊन गेले. पुण्यात जन्म काढला, पण मी कधी आत पाय ठेवला नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. गवत नीट कापलेलं, ओळी सरळ, अधिकारी असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. हे सांभाळणारी संस्था म्हणजे १९१७ साली स्थापन झालेला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. हुद्दा, जात, धर्म न पाहता प्रत्येकाचं नाव नोंदवायचं, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. अण्णा एका दगडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला वाटतं, तिथेच त्यांच्या मनात इटलीतल्या दगडाचं चित्र तयार झालं.

खरी किल्ली निघाली गावाकडच्या ट्रंकेत. आजीच्या लुगड्यांखाली चांदणीच्या आकाराची दोन मेडलं होती. त्यातल्या एकीची फीत लाल, पांढरी, हिरवी, म्हणजे इटली स्टार, इटलीत लढलेल्यांना मिळालेलं मेडल. मागची बाजू चिंचेने घासली, तर शिपाई नंबर, नाव आणि पलटण कोरलेली दिसली. त्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना दिलेल्या स्टारवर नाव नसायचं, पण हिंदुस्थानी शिपायांच्या स्टारवर ते कोरून देत. तुमच्या घरी असं मेडल असेल तर ते मोडीत घालू नका, आधी उलटं करून बघा.

कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधायची सोय आहे, फुकट. तरी पंधरा दिवस काही सापडेना. एक तर तेव्हा पलटणीचं नाव ‘फिफ्थ महरट्टा लाइट इन्फन्ट्री’ होतं आणि इंग्रजीत ‘महरट्टा’मध्ये ‘आर’च्या आधी ‘एच’ येतो. दुसरं, आमचं ‘पवार’ त्या कारकुनाने ‘पोवार’ केलेलं. शेवटी आडनाव सोडून दिलं आणि नुसता शिपाई नंबर टाकला. एकच नोंद आली.

पहिली बटालियन. मृत्यू २९ नोव्हेंबर १९४३. सांग्रो नदीच्या लढाईचे ते दिवस, आठवी हिंदुस्थानी डिव्हिजन नदी ओलांडून जर्मनांच्या फळीवर चालून गेली होती. खाली वडिलांचं नाव, गाव, जिल्हा सातारा. आणि ‘यांचे पती’ म्हणून आजीचं नाव. ते वाचताना मला रडू आवरेना. आजी जाऊन तीस वर्षं झाली. आपलं नाव परदेशातल्या सरकारी दप्तरात नवऱ्याच्या नावाशेजारी जपून ठेवलंय, हे तिला कुणी कधी सांगितलंच नाही.

पण कबर नव्हती. सांग्रो रिव्हर वॉर सिमेटरीत २,६१७ कबरी आहेत. त्याच आवारात दहन-स्मारक आहे, त्यावर पाचशेहून जास्त हिंदुस्थानी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. धर्माप्रमाणे ज्यांना अग्नी दिला त्यांची. आजोबा त्यांतले. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, त्यांची नावं इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचं नाव तिथे आहे.

अण्णांना हे कसं सांगावं, याचा दोन दिवस विचार केला. दगडाची आस लावून बसलेल्या माणसाला दगडच नाही म्हणायचं! सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे अग्नी मिळाला त्यांना?" मी हो म्हटलं. "पलटणीतल्या पोरांनी दिला असेल," ते म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या मनात बाप बेवारस पडून होता, हे मला तेव्हा कळलं.

‘पोवार’ची दुरुस्ती कागदपत्रं पाठवून मागता येते. अण्णा नको म्हणाले. त्याच नावाने पगार घेतला, त्याच नावाने गेले.

तारखेवरून तिथी काढली आणि आमच्या गुरुजींकडून ताडून घेतली. शके १८६५, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया.

यंदा सर्वपित्रीला अण्णांनी आजोबांचं पान वाढलं नाही. मार्गशीर्षात वाढलं. संकल्पाच्या वेळी गुरुजींनी तिथी उच्चारायच्या आधीच अण्णांनी ती म्हटली, हातातल्या कागदाकडे न बघता.