कुंभार्ली उतरून खाणीपर्यंत: डिझेल टाकीचं डाइक बघायला गेलो त्याची हकीकत

आमच्या खाणीवरच्या डिझेल टाकीचं डाइक, म्हणजे टाकी गळली तर डिझेल आत अडवणारी भोवतीची भिंत, कागदावर पास होतं. 'पाण्याने भरून २४ तास तपासले, गळती नाही' असं फॅब्रिकेटरने लिहून दिलं होतं आणि त्या एका कागदाचे १४,००० रुपये वेगळे लावले होते. तोच कागद पिशवीत घालून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कराडहून निघालो.

पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाटात धुकं होतं, बाकी काही त्रास नाही. मुक्काम चिपळूणला केला.

खरा प्रवास पुढचे सहा किलोमीटर. 'छोटी गाडी आरामात येते' असं फोनवर सांगितलं होतं. येत नाही. डंपरने पाडलेल्या चाकोऱ्यांत गुडघाभर लाल पाणी, मधली माती वर आलेली, दुसऱ्याच वळणावर गाडीचं पोट घासलं. गाडी डांबरी रस्त्यावर सोडली. जीपवाल्याने एका फेरीचे १,५०० घेतले, भर पावसात घासाघीस करायला जागाच नव्हती. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी खाणीवर फोन करा आणि त्यांचाच पिकअप फाट्यावर बोलवा. परतताना मी तेच केलं, एक रुपया लागला नाही.

पोचल्यावर आधी टाकी बघितली. १० हजार लिटरची, आडवी, सॅडलवर (खालून आधार देणाऱ्या बैठकीवर), अजून रिकामी. भोवती चिऱ्याची भिंत, आतून ५ बाय ३ मीटर, उंची पाऊण मीटर. चार दिवस पाऊस कोसळत होता आणि डाइक आतून कोरडं! तिथेच पोटात गोळा आला. पाणी साठत नाही तिथे डिझेल काय साठणार? कोपऱ्यात बघितलं तर साठलेलं पावसाचं पाणी सोडायचा ड्रेन व्हॉल्व्ह भिंतीच्या आत बसवलेला आणि सताड उघडा. त्याचा पाइप सरळ ओढ्याकडे. हा ओढा वाशिष्ठीला मिळतो. २२ जुलै २०२१ ला याच नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. तिच्यात आपल्या टाकीचं डिझेल सोडायची सोय आपणच करून ठेवली होती, याचा मला अजून राग येतो.

व्हॉल्व्ह बंद केला. धूळ दाबायला खाणीवर पाण्याचा टँकर असतो, त्यातून फूटभर पाणी आत सोडलं. पावसात नुसती खूण करून उपयोग नाही, गळती झाली तरी वरून भर पडतच राहते. म्हणून शेजारी उघड्यावर सरळ काठाची बादली अर्धी भरून ठेवली आणि दोन्हीकडे खुणा केल्या. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. सकाळी बादलीत ६२ मिलिमीटर वाढ, डाइकमध्ये २०. पंधरा चौरस मीटरवर ४२ मिलिमीटर म्हणजे एका रात्रीत ६३० लिटर बाहेर. बाहेरून हात फिरवला तर पाइपाच्या भोकाशी भिंत झिरपत होती. भोक सिमेंटच्या रिकाम्या पोत्याने बुजवून वरून गिलावा मारलेला. बोटाने ढकलला तर पोतं आत गेलं. ज्याने तपासल्याचा कागद दिला त्याने इथे बादलीभर पाणीही ओतलेलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता मापाचं. डाइकमध्ये किती मावावं याला कोणी टाकीच्या ११० टक्के सांगतं, तो आकडा ब्रिटनच्या नियमातला. आपल्याकडची किमान अट अशी की आतल्या सगळ्यात मोठ्या टाकीतलं सगळं डिझेल मावलं पाहिजे, वर काठाला मोकळी जागा वेगळी. आमच्या डाइकमध्ये काठोकाठ ११,२५० लिटर मावतं, तेही सॅडलने अडवलेली जागा न वजा करता. पण १०० मिलिमीटर पाऊस झाला की १,५०० लिटर पाणीच बसतं आणि उरतात ९,७५०. कोकणात पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं नवल नाही. त्यामुळे इकडे भिंत किमान एक मीटर करा. छप्पर टाकायचं तर पेसोच्या (पेट्रोलियम साठ्याचे परवाने देणारी केंद्र सरकारची संस्था) मंजूर नकाशात दाखवूनच. टाकी सॅडलला आवळून बांधा, डाइक भरलं तर रिकामी टाकी तरंगते. चिरा सच्छिद्र असतो, आतून पक्का गिलावा हवाच. आणि पाइप भिंतीतून नको, भिंतीवरून न्या.

पाणी सोडताना माणूस उभा पाहिजे. डिझेल पाण्यावर तरंगतं, खालून आधी पाणी जातं. इंद्रधनुषी तवंग तोंडाशी यायच्या आत व्हॉल्व्ह बंद. 'उघडा ठेवून जेवून येतो' हे चालणार नाही.

ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी टाकी बसवूच नये. पेट्रोलियम कायद्यात डिझेल ब वर्गात येतं. एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठवायला परवाना लागत नाही. दोनशे लिटरची बारा बॅरलं ठेवा. पण तीही ट्रेवर ठेवा, मातीवर नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गवंडी मिळाला. भोक फोडून साफ केलं, व्हॉल्व्ह भिंतीबाहेर आणला, कुलूप लावलं. चौथ्या सकाळी पुन्हा मोजलं: बादलीत ३१, डाइकमध्ये ३१. रात्रभर झोप नव्हती, तरी त्या पावसात उभं राहून मी ती खूण तीनदा बघितली. किल्ली सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला आहे. पुढची तपासणी मे महिन्यात करणार, रस्ता कोरडा असताना.