तोरणा, खाचरातल्या मातीचा

मी पुण्याच्या शुक्रवार पेठेतली. सहामाहीचा शेवटचा पेपर दिला की दप्तर भिरकावून वाड्याच्या कोपऱ्यात किल्ल्याला हात घालायचा, अशा रिवाजात वाढलेली. त्यामुळे गेल्या दिवाळीत आमच्या शाळेत किल्ला करायचं ठरलं, तेव्हा या विषयातली जाणकार मीच, अशी माझी समजूत होती.

शाळा तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर. पहिली ते चौथी, पट १४, शिकवायला एक गुरुजी आणि मी. धनकवडीहून मी रोज गाडीवर येते. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, नसरापूर आणि मग आतला रस्ता. संकलित चाचणी उरकली होती, सुट्टी लागायला सात-आठ दिवस होते. आकाशकंदील दोन दिवसांत झाले. कागदापेक्षा खळ डोक्यालाच जास्त लागली, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

किल्ल्यासाठी मी राजगडाचा नकाशा छापून नेला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि मधे बालेकिल्ला. विषयही ताजा होता. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने शिवकाळाशी जोडलेले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी, आणि आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड. हे मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आन् तोरणा?"

तोरणा नाही त्यात, म्हटलं.

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीत अख्खा तोरणा. ती म्हणाली, "तालुक्याचं नाव बदलून राजगड केलं, यादीत राजगड, आता शाळेत पण राजगडच व्हय?" गुरुजी हजेरीपटात तोंड घालून हसत होते. मी समजूत काढायला गेले. महाराजांनी तोरणा १६४६च्या सुमारास घेतला, दुरुस्ती करताना तिथे धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं असं सांगतात, वगैरे. त्यावर तिने हिशेब मांडला, "म्हंजी पैशे आमच्याच गडाचे!" मी नकाशाची घडी घातली.

पैशांवरून आठवलं. आमच्या पटाच्या शाळेला वर्षाचं अनुदान १०,००० रुपये. खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळं त्यातच. त्यामुळे किल्ल्याचा खर्च शून्यात बसवायचा होता. चित्रं तेवढी मी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून स्वतःच्या पैशांनी आणली. महाराज, दोन तोफा आणि बावीस मावळे.

दगड, फुटक्या विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. इथवर माझी पद्धत चालली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर कड्याला बोट जाईल एवढ्या भेगा. मुलांना नवल वाटलं ते माझंच. खाचरातली नुसती चिकट माती थापली तर ती तडकणारच, त्यात शेण आणि भाताचं तूस नको का, असं दुसरीतला पोरगा मला समजावत होता. त्याच्या आजीने येऊन स्वतः राडा तुडवला. साडीचा काचा मारून, बोलता बोलता, दहा मिनिटांत. पुन्हा भेग पडली नाही.

मग बुधला माची. मी माचीच्या टोकाला निमुळता सुळका केला आणि लांबून बघत उभी राहिले. "बाई, बुधला आसा नस्तो." बुधला म्हणजे तेलाचं भांडं, आणि तिथला खडक ते भांडं उपडं ठेवल्यासारखा दिसतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पोरांना ते डोळ्यांनी ठाऊक होतं. एकजण बाहेर उभा राहून डोंगराकडे बघत सूचना देणार, दुसरा आत मातीला आकार देणार. "जरा डावीकडं. नाय, लई बारीक केलास." झुंजार माचीही अशीच झाली. माझ्याकडे पाणी मारण्याचं काम आलं.

हिरवळीसाठी मोहरी पेरली. सकाळी पेरली, दुपारपर्यंत शेजारच्या कोंबड्यांनी बिनी दरवाजापर्यंतचा चढ साफ केला. मग अळीव भिजवून लावलं. ते बुळबुळीत होऊन उतारालाही चिकटून राहतं, आणि कोंबड्यांनी त्याला चोच लावली नाही.

एव्हाना भातकापणी जोरात होती. पटावर १४, वर्गात सात, कधी सहा. मी कुणाला बोलले नाही. घरचं इंद्रायणी शेतात आडवं पडलेलं असताना पोर शाळेत बसवा, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? किल्ल्यावर एका पालकांची ताडपत्री होती, कारण संध्याकाळी आभाळ भरून यायचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाऊस आलाच. मी तेव्हा कात्रजजवळ, पुलाखाली गाडी लावून उभी. गुरुजींचा फोन आला, "बाई, ताडपत्री गेली." पालक धावत येऊन घेऊन गेले होते, कापलेल्या भातावर टाकायला. मी तरी दुसरं काय केलं असतं? पण फोन ठेवल्यावर घशाशी आलं, ते आलंच.

सकाळी झुंजार माची अर्धी वाहून गेलेली. बुधला उभा होता, तुसाच्या मातीचा. मावळे चिखलात उताणे. पोरांनी ते धुऊन कठड्यावर वाळत घातले आणि तासाभरात माची पुन्हा उभी केली. पहिल्यापेक्षा जाडी, पण ठीक. महाराज मात्र सापडेनात. गोणपाट उचकटून पाहिलं, ओहोळात पाहिलं. सुट्टी लागली ती रिकाम्या सिंहासनानेच.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा अळीव पिवळं पडून झोपलं होतं. ती चौथीतली मुलगी दाराशी घुटमळत होती. पाऊस आला तेव्हा तीच धावत आली होती म्हणे, आणि महाराजांना ओढणीत गुंडाळून घरी घेऊन गेली होती.

"मग आण की उद्या," मी म्हटलं.

"आजीनं देव्हाऱ्यात बसवलेत," ती म्हणाली. "आता उठवायचं न्हाई म्हंती."