शंट, अँप्लिफायर आणि बॅटरीचा जमाखर्च

गावाकडच्या घरी छतावर सोलर पॅनेल आहे, खाली १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर. वीज गेली की आबा हमखास विचारतात, "अजून किती वेळ चालंल रे?" व्होल्टमीटर बघून याचं उत्तर देता येत नाही. पंखे चालू असताना व्होल्टेज खाली बसतं, बंद केले की पुन्हा वर चढतं, आणि ऊन असेल तर निम्मी रिकामी बॅटरीसुद्धा भरल्यासारखी दिसते. बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला याचा चोवीस तास जमाखर्च ठेवला, तरच बोलता येतं. म्हणून शंट, म्हणजे करंटच्या वाटेत बसवायचा अगदी छोटा पण पक्का रेझिस्टन्स, लावून तो हिशेब ठेवणारा मीटर स्वतः बनवायला घेतला.

पुण्यात तपकीर गल्लीत '५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट' म्हणून शंट मागितला आणि मिळाला. दोन टोकांना धातूचे जाड ठोकळे आणि मध्ये मँगनिनच्या पट्ट्या. त्यातून ५० अँपिअर वाहिले की दोन टोकांत ७५ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे रेझिस्टन्स अवघा १.५ मिलिओहम. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल मिळून झालेल्या मँगनिनचा मात्र जवळजवळ हलत नाही, म्हणून हा मिश्रधातू. पूर्ण करंटला शंटमध्ये पावणेचार वॉट उष्णता होते, त्यामुळे तो बंद डब्यात न कोंबता मोकळ्या हवेत बसवला.

शंटला दोन मोठे बोल्ट आणि दोन छोटे स्क्रू असतात. जाड केबल मोठ्या बोल्टला, मोजायच्या वायरी छोट्या स्क्रूंना. ही विभागणी जिवापाड पाळावी. केबलच्या लगाखाली (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) अर्धा मिलिओहम जरी संपर्काचा रेझिस्टन्स राहिला आणि मोजायची वायर त्याच लगावर घेतली, तर रीडिंग एक तृतीयांशाने फुगतं. मोजायच्या दोन्ही वायरी मी एकमेकींना पीळ देऊन नेल्या, इन्व्हर्टरचा गोंगाट त्यांच्यात कमी शिरावा म्हणून.

शंटवरचे मिलिव्होल्ट फार छोटे, ते अँप्लिफायरने वाढवूनच मोजावे लागतात. म्हणून शंट पॉझिटिव्हमध्ये लावायचा की निगेटिव्हमध्ये, यावर मात्र कागद घेऊन बसलो. पॉझिटिव्हमध्ये लावला तर अँप्लिफायरच्या दोन्ही इनपुटवर सारखेच १२ व्होल्ट येतात आणि त्यांतला मिलिव्होल्टचा फरक तेवढा वेचायचा असतो. चार रेझिस्टर वापरून केलेल्या डिफरन्स अँप्लिफायरमध्ये हे काम रेझिस्टर किती जुळतात यावर ठरतं. एक टक्का टॉलरन्सचे (किंमत एक टक्का इकडेतिकडे असू शकणारे) रेझिस्टर आणि गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची पट, ५० धरला, तर सगळ्यात वाईट स्थितीत त्या १२ व्होल्टांतले ९ मिलिव्होल्टच्या आसपास चुकीचे म्हणून मोजले जातात. १.५ मिलिओहमवर याचा अर्थ सहा अँपिअरची चूक! पॉझिटिव्हसाठी मुद्दाम बनवलेल्या आयसी मिळतात, पण मला अँप्लिफायर स्वतः जोडायचा होता. शंट निगेटिव्हमध्ये गेला. मग सगळ्या लोडच्या आणि चार्ज कंट्रोलरच्या निगेटिव्ह वायरी शंटच्या पलीकडच्या टोकालाच आणाव्या लागतात. बॅटरीच्या टर्मिनलवर थेट एकही राहू द्यायची नाही, नाहीतर तेवढा करंट हिशेबात येतच नाही.

खरा जीव अँप्लिफायरच्या निवडीत आहे. हाताशी एलएम३५८ हा अँप्लिफायर आयसी होता, स्वस्त आणि कुठेही मिळणारा. पण त्याचा इनपुट ऑफसेट, म्हणजे इनपुटवर काहीच नसताना त्याला भासणारं खोटं व्होल्टेज, दोन-तीन मिलिव्होल्ट असतो. दोन मिलिव्होल्ट म्हणजे या शंटवर १.३ अँपिअर, दिवसाला ३२ अँपिअर-अवर! लोड बंद असताना शून्य नोंदवून तो वजा करता येतो, हे खरं. पण तापमान बदललं की ऑफसेटही सरकतो. एलएम३५८ साठी अंशाला सुमारे ७ मायक्रोव्होल्ट धरा. वीस अंशांच्या फरकाला ०.०९ अँपिअर झाले. चूक एकाच बाजूला राहिली तर आठवड्यात १५ अँपिअर-अवर, बॅटरीचा दहावा हिस्सा. मोठ्या करंटला हे जाणवत नाही, पण जमाखर्चात शून्याजवळची चूक रात्रंदिवस साठत जाते. म्हणून ऑटो-झिरो प्रकारचा, म्हणजे स्वतःचा ऑफसेट स्वतःच सतत दुरुस्त करणारा, एमसीपी६व्ही०१ मागवला. त्याचा ऑफसेट दोन-तीन मायक्रोव्होल्ट, म्हणजे दोन मिलिअँपिअरच्या आत-बाहेर.

करंट दोन्ही दिशांनी वाहतो, म्हणून गेन ३० ठेवून आउटपुटचा मध्य टीएल४३१ या संदर्भ-व्होल्टेज देणाऱ्या आयसीच्या अडीच व्होल्टवर बांधला. हिशेब ठेवणाऱ्या अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या १० बिटांच्या मोजणीत एक पायरी ०.१ अँपिअरची पडत होती. म्हणून एडीएस१११५ हा व्होल्टेजचे बारीक आकडे करणारा वेगळा आयसी घेतला आणि अँप्लिफायरचं आउटपुट अडीच व्होल्टच्या तुलनेतच मोजलं. पायरी तीन मिलिअँपिअरवर आली आणि संदर्भ थोडा सरकला तरी फरक पडेनासा झाला. आउटपुटला १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला. तो १६ हर्ट्झच्या वरचं सगळं दाबतो, त्यामुळे इन्व्हर्टरचा १०० हर्ट्झचा रिपल (करंटमधली चढउतार) सरासरीत मिसळतो. सर्किट झिरो पीसीबीवर सोल्डर केलं.

जोडणीच्या दिवशी आधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं, पान्ह्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली. अशी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर वाहतात. पॉझिटिव्हमधला फ्यूज सगळ्यात शेवटी जोडला.

तपासायला गाडीचा हेडलाइट बल्ब घेतला, पाचेक अँपिअरचा, आणि मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज सिरीजमध्ये लावली. वायरमनकडचे बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. डीसी मोजायला हॉल सेन्सरचा (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) क्लॅम्प लागतो, हे विकत घेण्याआधी पाहावं. दोन रीडिंगमधून गेन पक्का केला आणि शून्य सकाळी व भर दुपारी दोन्ही वेळी तपासलं. जागचं हललं नव्हतं.

जमाखर्चात एक पथ्य आहे. लेड-ॲसिड बॅटरीत भरलेला सगळा करंट परत मिळत नाही. म्हणून चार्जर फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखण्याच्या टप्प्यावर, जाऊन करंट अगदी कमी झाला की मीटर स्वतःला १०० टक्क्यांवर आणतो.

मीटर बसवल्यावर रात्रीच्या नोंदींत दिसलं की घरातलं सगळं बंद असतानाही इन्व्हर्टर एकटा ०.८ अँपिअर खातो. दहा तासांत आठ अँपिअर-अवर. एलएम३५८ असता तर हा खर्च त्याच्या ऑफसेटमध्येच बुडून गेला असता. आता वायफाय राउटर फ्यूज आणि छोट्या कन्व्हर्टरमधून बॅटरीवर चालतो, आणि झोपताना आबा इन्व्हर्टर बंद करतात.